व्हिएतनामने काजू नेला म्हणे, कारण आपण एन्रॉन घालवलं!

शिरोडा नाका

'मुक्तबाजार' यांची पोस्ट फिरत फिरत आमच्या भावकीच्या ग्रुपवर येऊन पोचली, तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही. वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: कोकणी माणूस करंटा. एन्रॉन नको, जैतापूरची अणुवीज नको, नाणारची रिफायनरी नको म्हणत त्याने परदेशी भांडवल वेशीवरूनच परत पाठवलं. तिकडे व्हिएतनामने १९८६ पासून दारं उघडली, कंपन्या आणल्या, आणि काजूत जगात पहिले असलेले आपण आज त्यांच्या मागून फरफटतोय. शेवटी हात जोडलेले आणि 'विचार करा'.

केला विचार.

एन्रॉन दाभोळला बसून काय निर्यात करणार होती? वीज. तीही आपल्याच वीज मंडळाला, आणि अशा दराने की २००१ मध्ये मंडळानेच हात वर केले. नाणारला सौदीची अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक येणार होते ते कच्चं तेल शुद्ध करायला. हे प्रकल्प चांगले की वाईट यावर वेगळा धागा काढा, तिथेही येईन. पण त्यातल्या एकामुळे तरी वेंगुर्ल्याच्या काजूगराचा एक डबा जास्त गेला असता का, हे मला कोणीतरी समजावून द्यावं.

आता व्हिएतनाम. नव्वदीच्या सुरुवातीला हा देश आपल्याला कच्ची बी विकत होता. मग त्यांनी बी घरीच फोडायचं ठरवलं आणि २००६ च्या आसपास गराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकलं. २०२४ मध्ये त्यांचा गर सात लाख टनांच्या वर गेला. आपण २०१४-१५ ला लाख टनांच्या वर होतो, आता त्याच्या निम्म्यावर घुटमळतोय. हे तिथे मोबाइल बनवणाऱ्या सॅमसंगने केलं का? काजूचे बहुतेक कारखाने तिथल्याच लोकांचे. फोडायची यंत्रं त्यांनी स्वतःच्या वर्कशॉपांत ठोकून-ठाकून बनवली, आणि आज आपल्याकडचे लोक तीच यंत्रं आयात करतात. बी तर त्यांनाही पुरत नाही. आयव्हरी कोस्टहून, कंबोडियाहून येते.

मग फरक कुठे पडला? मी सिंधुदुर्गातल्या एका बँकेत शेतीची आणि लघुउद्योगाची कर्जं बघायचो, त्यामुळे हे टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. काजूची बी येते मार्च ते मे. कारखाना वर्षभर चालवायचा तर त्या तीन महिन्यांत वर्षाची बी भरून ठेवायला लागते. सगळा पैसा गोदामात पोत्यांत जाऊन बसतो. बँक यंत्राला कर्ज देते, कारण त्यामागे सबसिडी असते. बी भरायला खेळतं भांडवल मागितलं की विचारते, तारण काय? तारण म्हणजे जमीन, आणि सातबारावर सगळी भावकी, त्यातली अर्धी डोंबिवली-विरारला. सह्या गोळा होईपर्यंत मिरग येतो. मग मालक व्यापाऱ्याकडून उधारीने बी घेतो, नाहीतर चार महिने धंदा करून शटर ओढतो. हे शटर उघडायला सिंगापूरचं भांडवल कशाला हवं, सावंतवाडीतलं नीट मिळालं तरी पुरे.

आणि शेतकऱ्याचं म्हणाल तर त्याला व्हिएतनामने नाही, दिल्लीने मारलं. २०१८ च्या बजेटात कच्च्या बीवरची ड्यूटी ५ टक्क्यांवरून २.५ वर आणली. आफ्रिकेची बी बंदरात उतरली की आमच्या दारातला भाव पडतो. ती ड्यूटी चांगली वाढवा, मग बघू कोण करंटा ते.

मुक्तबाजार

माझी पोस्ट भावकीपर्यंत पोचली याचा आनंद आहे. वाचली कोणी नाही याचं दुःख.

'एन्रॉन काजू विकणार होती' असं मी कुठे म्हटलंय? परदेशी गुंतवणूक म्हणजे एक कारखाना नव्हे हो. तिच्यामागून रस्ता येतो, वीज येते, बंदर येतं, परदेशी खरेदीदाराचा माणूस येऊन राहतो. व्हिएतनामने २००१ मध्ये अमेरिकेशी व्यापार करार लागू केला, २००७ मध्ये डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेला, २०२० मध्ये युरोपशी मुक्त व्यापार सुरू केला. हे करार काजूवाल्यांसाठी झाले नव्हते, कपडे-बूट-मोबाइलवाल्यांसाठी झाले. पण काजूवाला त्याच कंटेनर जहाजावर चढला. आणि सगळे कारखाने 'तिथल्याच लोकांचे' हेही अर्धसत्य आहे, ओलामसारखी सिंगापूरची कंपनी तिथेही आहे आणि आफ्रिकेतही.

तुमच्याकडे काय आहे? मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्यावर बोलायला लावू नका. १९९३-९४ ला स्टरलाइटच्या तांब्याच्या कारखान्यालाही रत्नागिरीतून हाकललंत. तो गेला तामिळनाडूत तुतिकोरीनला. तिथे नोकऱ्या मिळाल्या.

लांजेकर

तुतिकोरीनला २०१८ मध्ये काय मिळालं तेही सांगा ना. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं गेली आणि कारखाना बंद झाला. आंबावाल्यांनी तेव्हा हाकललं म्हणून आज रत्नागिरीत हापूस शिल्लक आहे.

फोडणीवाला

शिरोडा नाका साहेब, बँकेबद्दल लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द खरा. तुम्ही खुर्चीत होता तेव्हा असं बोलला असतात तर बरं झालं असतं, पण असो.

ड्यूटीबद्दल मात्र तुम्ही आम्हाला जिवंत गाडायला निघालात. माझं कुडाळजवळ छोटं युनिट आहे. स्थानिक बी मला तीन महिने मिळते. उरलेले महिने कामाच्या बायकांना काय घरी बसवू? एकदा घरी बसली की बाई गोव्याला हॉटेलात जाते, ती परत येत नाही. म्हणून आफ्रिकेची बी लागते. देशातही तेच, पिकते साधारण तेवढीच बी बाहेरून येते, कधी कधी जास्तच. आणि ड्यूटीचं म्हणाल तर तयार गराच्या आयातीवर २०१९ मध्ये ४५ ची ७० टक्के केली, वर किमान आयात किंमत लावली, तुकड्याला किलोला ६८० आणि अख्ख्याला ७२०. म्हणजे दिल्लीने काही केलंच नाही असं नाही. तरी 'जनावरांचं खाद्य' म्हणून गर येतोच, हा भाग वेगळा. कुठली म्हैस काजू खाते ते मला बघायचंय.

आता हिशोब करा. गावठी मिसळ बी चार किलो फोडली की किलोभर गर. त्यातला सगळा अख्खा नव्हे, पाकळी निघते, तुकडा निघतो, कणी निघते, त्यांचा दर पडतो. तुमच्या संघटना बीला किलोमागे २०० रुपये हमीभाव मागतात. चार किलोचे ८०० झाले. त्यावर मजुरी, बॉयलरचं जळण, डबे, वाहतूक, व्याज. आणि ३२० नंबरच्या गराचं (नंबर म्हणजे एका पाउंडात बसणारे दाणे) माझ्यापेक्षा स्वस्त डॉलरमधलं कोटेशन व्हिएतनामवाला त्याच खरेदीदाराला देऊन बसलेला असतो. मी निर्यात केव्हाच सोडली. दिवाळीला पुण्या-मुंबईच्या मिठाईवाल्याला माल देतो, तो अर्धे पैसे तरी वेळेवर देतो.

शिरोडा नाका

म्हणजे बघा, निर्यात का घटली याचं उत्तर तुम्हीच दिलंत. जगात सगळ्यात जास्त काजू खाणारा देश आपणच आहोत. काजूकतलीवाला डॉलरपेक्षा जास्त देतो तर बाहेर कोण पाठवेल? मुक्तबाजार साहेबांच्या हिशोबात हे 'अपयश' म्हणून पडतं.

पण माझा प्रश्न तसाच राहिला. गर महाग विकला जातो, मग बीला भाव का नाही? आयात बी स्वस्त पडते म्हणून. तुम्ही तिचं ओझं माझ्यावर टाकता एवढंच.

मुक्तबाजार

गर घरातच खपतो हे मान्य. (हुश्श, एक तरी मान्य केलं, नोंद घ्या.) पण मग रडता कशाला? आणि संरक्षणाचं फळ बघायचं असेल तर केरळात कोल्लमला जा. काजूची राजधानी होती ती. शेकडो कारखाने बंद पडले.

कटरवाली

मी कधी लिहीत नाही इथे, पण 'बाई गोव्याला जाते' वाचून राहवेना. बाई गोव्याला जाते कारण तिथे हात भाजत नाहीत.

मी लग्नानंतर बरीच वर्षं कटरवर होते, आता गटाच्या बायकांकडून सोलणी करून घेते. ज्यांनी कटर बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उकडलेली बी पात्यांच्या मध्ये बरोबर उभी धरायची, पायाने पेडल दाबायचं, एका हाताने मूठ पिळायची, टरफल उघडतं. बी जरा तिरकी गेली की आत गराची पाकळी झाली. मग संध्याकाळी वजनाला अख्खा वेगळा आणि तुटका वेगळा, आणि बोलणी वेगळी. हाताला तेल लावा, राख लावा, टरफलाचा चीक लागायचा तो लागतोच. बोटांची कातडी सोलून निघते. मुलाच्या शाळेत फॉर्मवर अंगठा द्यायची वेळ आली तर मशीन घेत नव्हतं, रेघाच नाहीत.

त्यामुळे व्हिएतनामने मशीन बनवलं ते चांगलंच केलं. आपल्याकडे मशीन आलं की 'बायकांचा रोजगार गेला' म्हणून ओरडणारे सगळे पुरुषच असतात, हेही बघून ठेवलंय मी.

शिरोडा नाका

ताई, लिहीत जा.

दोडामार्गकर

तुमी सगळे बसून ड्यूटीचो हिशोब करतास. बियो वेचूक माणसां खंय गावतत ता आधी सांगा. आमच्या बागेत निम्मी बी माकडां खातत, निम्मी झाडाखाली पडान पावसात रुजता. झील मुंबैत, सून मुंबैत, मी आनी म्हातारी हंय. रोजाक माणूस बोलवलो तर बियेपेक्षा मजुरी जास्त जाता. शेजारची जमीन केरळच्या माणसान घेतल्यान, थंय रबर लावल्यान, तेका माणसां गावतत! तेका खयची परदेशी गुंतवणूक गावली ती मुक्तबाजारान सांगुची.

बोंडू बाबा

सगळे बीवर भांडताय आणि बीच्या पाच-सातपट वजनाचं बोंडू (काजूचं फळ) झाडाखाली कुजतंय त्याबद्दल कोणी बोलत नाही. निर्यात, निर्यात करताय ना? तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, त्याच बोंडवाची फेणी होते, २००९ पासून तिला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पर्यटक हौसेने बाटली घेऊन जातो. नदीच्या अलीकडे तीच केली तर पोलीस येतात. आमची बोंडवं टेम्पोत भरून गोव्याला जातात, तिथून बाटली होऊन येतात आणि इन्सुलीच्या नाक्यावर पकडली जातात. याला म्हणतात मूल्यवर्धन!

सरकारने २०२२ मध्ये काजूबोंडाच्या आणि मोहाच्या दारूला 'देशी'तून काढून 'विदेशी'त बसवायचा निर्णय घेतला होता. बसा म्हणावं आता विदेशीत. आमच्या पंचक्रोशीत तरी एक भट्टी रीतसर पेटलेली मला दिसली नाही.

माई

आला का शेवटी विषय दारूवर? कोकणचा विकास म्हटलं की पुरुषांना पहिली दारूच आठवते.

बोंडू बाबा

माई, हा उद्योगाचा प्रश्न आहे. स्कॉटलंड व्हिस्कीवर उभा आहे, मेक्सिको टकिलावर.

माई

आणि आमचं घर कशावर उभं होतं सांगू? माझा भाऊ बोंडवाच्याच दारूने गेला. चोरटी होती ती, तुमच्या परवान्याची नव्हे, पण यकृताला परवाना दिसत नाही. गावात आडव्या बाटलीसाठी मतदान घ्यायचं म्हणून आम्ही बायका दारोदार फिरलो. सह्या जमवताना कोणाकोणाची तोंडं बघितली ते तुम्हाला नाही कळायचं. आता तीच दारू 'निर्यात उद्योग' म्हणून पुन्हा दारात आणताय.

फोडणीवाला

माई, तुमचं दुःख समजतं. पण चोरटी दारू आजही आहेच ना? उलट रीतसर परवाना दिला तर तपासणी होईल, कर मिळेल, शेतकऱ्याला बोंडवाचे पैसे मिळतील. बीचा भाव पडला तरी हा दुसरा आधार होईल. भावना बाजूला ठेवून बघा.

माई

भावना बाजूला ठेवायला मी कॅल्क्युलेटर नाही. आणि पैसे कोणाला मिळतील? बोंडू वेचणार बाई, पैसे घेणार पुरुष, ते संध्याकाळी जाणार कुठे हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

बोंडू बाबा

मग तुमच्या मते बोंडवाचं करायचं काय? सरबत? दापोलीच्या विद्यापीठाने सरबत, सिरप, जाम सगळं करून दाखवलंय. महिला बचत गटाच्या स्टॉलवर बाटल्या धूळ खातात. कोणी घेत नाही हो! घशाला खवखवतं ते. लोक नाक मुरडतात आणि वर तुम्ही म्हणता…

संपादक

वैयक्तिक शेरे असलेले काही प्रतिसाद काढले आहेत. कोणाच्या घरातल्या कोणाचा उल्लेख करून बोलू नये. विषयावर या.

चाकरमानी

काढलेले प्रतिसाद मी वाचलेत, फार काही नव्हतं. :) बोंडवाच्या सरबतात ऑरगॅनिक लिहिलं आणि बाटली उंच केली की ठाण्यात दोनशेला जाते. मला स्टॉलवाल्या ताईंचा नंबर द्या.

बोंडू बाबा

हे बघा, ठाण्याचं भांडवल आलं.

माई

सरबत विका, मी स्वतः उभी राहीन स्टॉलवर. बाकीच्याला माझा विरोध होता आणि राहणार.

तांडेल

तुमचं काजू-बोंडू संपलं असेल तर समुद्राकडे या. निर्यातीत मार बसतो म्हणजे काय ते आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला विचारा.

अमेरिकेने २०१९ पासून आपली जाळ्यातली कोळंबी बंद केली. का? तर ट्रॉलच्या जाळ्याला कासव सुटायची खिडकी नाही. तिकडे वेळासला आमचेच लोक रात्रभर जागून कासवाची अंडी राखतात, महोत्सव भरवतात! अमेरिकेत जाते ती कोळंबी आंध्रच्या तळ्यातली व्हनामी. बरं, तिचंही सुख बघवलं नाही. २०२५ च्या ऑगस्टात भारतावर ५० टक्के टॅरिफ ठोकला, व्हिएतनामला २०, इक्वेडोरला १५. आंध्रवाल्याने माल देशातच ढकलायला सुरुवात केली की आमच्या कोळंबीचा भाव बंदरावर पडतो. म्हणजे जी बाजारपेठ आम्हाला बंदच होती, तिच्या टॅरिफचा मारही आम्हीच खायचा.

आमची बळा (रिबनफिश) जाते चीनला. चीनचा खरेदीदार ज्या दिवशी हात आखडतो त्या दिवशी कंपनीचा माणूस धक्क्यावर येऊन सांगतो, 'आज दर नाही.' डिझेल भरून, बर्फ भरून, खलाशी घेऊन जाऊन आलेला माणूस त्याला काय सांगणार?

मुक्तबाजार, तुमच्या पोस्टमध्ये परदेशी खरेदीदार आला की कल्याण होतं असं आहे. आमच्याकडे कधीचाच आलाय.

मुक्तबाजार

तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. एकाच खरेदीदारावर अवलंबून राहिलात म्हणून हे झालं. करार जास्त देशांशी केले असते, जाळ्याला ती खिडकी लावली असती, तर? ती काही फार महागाची वस्तू नाही. नियम पाळायचे नाहीत आणि बाजार मात्र हवा.

तांडेल

खिडकीतून कासवाबरोबर म्हावरं पण जातं, ते कोण देणार, तुम्ही? आणि एलईडीवाले रात्री दिवे लावून समुद्र धुऊन नेतात त्यांना बंदी नुसती कागदावर, आम्हाला खिडकी! यावर लिहायला बसलो तर…

शिरोडा नाका

तांडेल भाऊ, एलईडीवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. पण तुमच्यातला एक मुद्दा मला इथे हवाय: जो बाजार आपल्या हातात नाही त्याचा भाव आपल्या दारात ठरतो.

काजूत हे आपणच दुसऱ्यांना केलंय, ते या धाग्यात कोणीच बोललं नाही. आफ्रिकेतलं मोझांबिक एके काळी काजूत मोठं नाव होतं. नव्वदीत जागतिक बँकेने त्यांना सांगितलं, कच्च्या बीवरचा निर्यात कर कमी करा, शेतकऱ्याला भाव मिळेल, मुक्त बाजार वगैरे. कर कमी झाला, बी जहाजात भरून गेली, त्यांचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार, त्यात बायका पुष्कळ, रस्त्यावर आले. शेतकऱ्याला मिळालेली वाढ चिमूटभर. आणि ती बी गेली कुठे? भारतात. आपल्या कोल्लम-मंगळूरच्या फोडणीला.

आता आफ्रिकेतले देश शहाणे झालेत. बेनिनने २०२४ च्या एप्रिलपासून कच्ची बी बाहेर पाठवणं बंद केलं. आयव्हरी कोस्ट, जिथे जगात सगळ्यात जास्त बी पिकते, तोही घरी फोडायच्या मागे लागलाय. फोडणीवाला साहेब, ज्या आफ्रिकन बीच्या जोरावर तुम्ही माझ्या ड्यूटीला नाही म्हणताय, ती कायमची येणार असं धरून चालू नका. व्हिएतनामसुद्धा याच भीतीने कंबोडियात काजू लावून घेतोय.

मुक्तबाजार

आणि बेनिनमध्ये ते कारखाने कोणाच्या भांडवलावर उभे राहतायत? परदेशी! त्यात भारतीयही आहेत. आपला माणूस वेंगुर्ला सोडून आफ्रिकेत कारखाना टाकतो, याचा तरी विचार कराल की नाही?

शिरोडा नाका

केला. तिथल्या सरकारने भांडवलाला आत घेतलं, पण बी अडवायची अटही घातली. गुंतवणूक आली ती अटीसकट. तुमच्या पोस्टमध्ये अट हा शब्दच नाही, नुसतं स्वागत आहे. तसं स्वागत वेंगुर्ल्याने डचांचंही केलं होतं, वखारीचे पडके दगड अजून आहेत.

मुक्तबाजार

डच! आता पोर्तुगीजही काढा. काजू त्यांनीच आणला म्हणून त्यांना रॉयल्टी देऊया.

बरं, अटींचं मान्य. पण अट घालायला आधी कोणीतरी दारात यावं लागतं एवढं तुम्हीही मान्य करा.

फोडणीवाला

तुमचं डच-पोर्तुगीज चालू द्या. आफ्रिकेची बी आटेल ही भीती मलाही आहे, म्हणूनच गेल्या हंगामात मी एक गोष्ट करून बघितली. वेंगुर्ला-७ या सुधारित जातीची बी वेगळी घेतली, गावठीत न मिसळता. उतारा ३० टक्क्यांवर, म्हणजे किलो गराला साडेतीन किलोसुद्धा बी लागली नाही. आणि गर केवढा! १८० नंबरचे डबे भरले. असा दाणा आफ्रिकन बीत शोधून सापडत नाही. व्हिएतनाम माझ्याशी ३२० आणि तुकड्यात भांडू शकतो, यात नाही.

अडचण एकच. शेतकरी वेगळी बी देत नाही. वेंगुर्ला-४, ७, गावठी, मागच्या वर्षीची उरलेली, सगळं एका पोत्यात. वर ओली. पोतं उघडलं की वाफ येते. मग मी भाव पाडला की म्हणता आफ्रिकेमुळे पडला.

दोडामार्गकर

वेगळी करून दिली तर येगळो भाव कोण देता? बाजारात एकच काटो, एकच दर. मगे मी कित्याक निवडीत बसू?

फोडणीवाला

मी देतो. वेंगुर्ला-७ वेगळी, उन्हात नीट वाळवलेली, ओल आठ-नऊ टक्क्यांच्या आत. त्या दिवशीच्या बाजारभावावर किलोला पंधरा रुपये जास्त. लेखी देतो, इथेच सगळ्यांसमोर.

शिरोडा नाका

पंधरा ठीक. पण वजन कुठल्या काट्यावर, आणि पैसे कधी?

फोडणीवाला

काटा तुमच्या सोसायटीचा. निम्मे पैसे माल उचलताना, निम्मे गणपतीला.

दोडामार्गकर

गणपतीक चाकरमानी येतत, पैसे येनत नाय. सगळे रोख देतलास तर बोला, नायतर चंदगडचो व्यापारी एप्रिलात दारात उभो ऱ्हवता, तो कमी देता पन हातावर देता.

फोडणीवाला

रोखीला पैसे असते तर बँकेच्या पायऱ्या झिजवल्या असत्या का? शिरोडा नाका साहेब, तुमचे जुने सहकारी अजून खुर्चीत असतील. सोसायटीने माल तारण ठेवून मला उचल मिळते का ते विचारा. मिळाली तर सगळे रोख.

शिरोडा नाका

विचारतो. व्हिएतनामचं उदाहरण मात्र देत नाही, मॅनेजर पुण्याचा आहे, मुक्तबाजार साहेबांची पोस्ट त्यालाही आलेली असणार.